शेगावचं टपाल आणि ब्राउझरचं कुलूप

मंडळी, आपल्या सेवाग्रामचं जुनं नाव शेगाव. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. पण याच रेल्वेमार्गावर बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचंही शेगाव! टपालाचा घोळ होऊ लागला. अखेर १९४० साली गावाचं नाव सेवाग्राम झालं.

पाकीट कितीही घट्ट चिकटवा, भलत्या गावी पोचलं तर उपयोग काय?

संगणकवाल्यांपुढेही हाच पेच होता. कधीही न भेटलेल्या दोघांना उघड्या तारेवर बोलूनही गुप्त किल्ली ठरवता येते, हे १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी दाखवलं. पण तारेच्या पलीकडे नेमकं कोण आहे, ते त्यातून कळेना. नेटस्केपने १९९५ साली ब्राउझरमध्ये एसएसएल आणलं, त्यात सर्व्हरने आपलं प्रमाणपत्र दाखवायचं होतं. १९९९ साली त्याचंच टीएलएस झालं.

हा ब्लॉग स्वतःच्या सर्व्हरवर हलवला, तेव्हा भाच्याने हे काम केलं आणि मी शेजारी बसून टिपणं काढली. सर्व्हरने किल्ल्यांची जोडी तयार केली. खाजगी किल्ली तिथेच राहिली, ती कुणालाही द्यायची नसते. मग 'लेट्स एन्क्रिप्ट'ने सांगितलं, अमुक मजकुराची फाईल तुमच्या पत्त्यावर अमुक ठिकाणी ठेवा. ती त्यांना तिथे सापडली, म्हणजे पत्ता आमच्या ताब्यात आहे हे ठरलं! २०१५ पासून ही संस्था प्रमाणपत्रं फुकट देते. आमच्याची मुदत ९० दिवस, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय केली.

पण साक्षीदारच चुकला तर? जुलै २०१४ मध्ये आपल्या एनआयसीच्या अधिकाराखाली गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघडकीस आलं. ती रद्द करावी लागली.

आणखी एक. प्रमाणपत्र पत्त्याची ग्वाही देतं, घरमालकाच्या सचोटीची नाही. फसवणाऱ्यालाही ते फुकटच मिळतं. लोक कुलूप पाहून साइटवर भरवसा ठेवू लागले, म्हणून २०२३ साली क्रोमने पत्त्याशेजारचं ते चित्रच काढून टाकलं.

तेव्हा नातेवाईकहो, बँकेचा पासवर्ड टाकण्यापूर्वी एचटीटीपीएस तर बघाच, पण पुढचं नावही अक्षर न् अक्षर वाचा. शेगावं दोन असू शकतात!