रात्री हाताला मुंग्या येतात? नसेची तपासणी काय सांगते, समजून घ्या

जोयडा : रात्री झोपेत हात बधिर होतो, मुंग्या येतात, झटकला की बरं वाटतं. सुपारी सोलताना किंवा गवत कापायचं यंत्र धरताना वस्तू हातातून निसटते. पुष्कळ जण याला 'वात' समजून तेल चोळत बसतात. पण हा मनगटात नस दबण्याचा आजार, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोम असू शकतो.

मनगटाच्या हाडांमधल्या अरुंद बोगद्यातून मीडियन नस जाते. ती दबली की अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो. करंगळी बहुधा सुटते. मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि गरोदरपणात हा त्रास जास्त दिसतो.

तपासणी कशी होते?
नर्व्ह कंडक्शन तपासणीत कातडीवर छोट्या पट्ट्या लावून मनगटाजवळ विजेचा सौम्य झटका देतात. झटका टोचतो, पण इजा होत नाही. संदेश बोटापर्यंत किंवा अंगठ्याच्या स्नायूपर्यंत पोचायला किती मिलिसेकंद लागले, ते यंत्र मोजतं. निरोगी हातात संदेशाचा वेग साधारण सेकंदाला 50 मीटर किंवा जास्त असतो. नस दबली की नेमका मनगटापाशी तो मंदावतो. करंगळीकडे जाणारी अल्नर नसही तपासून तुलना करतात. दोष मानेत आहे की मनगटात, हे कळायला कधी सुईची ईएमजी तपासणीही लागते.

जाण्यापूर्वी
बेळगाव, हुबळी किंवा गोव्यात बांबोळी गाठायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी जाते. म्हणून आधी फोन करून वेळ ठरवा. हाताला तेल, मलम लावू नका. बांगड्या, अंगठ्या काढा. हात गार असेल तर वेग खोटाच कमी दिसतो, तेव्हा हात उबदार ठेवा. पेसमेकर किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर डॉक्टरांना सांगा.

रिपोर्ट नॉर्मल आला तरी आजार नाहीच असं नव्हे. सुरुवातीच्या काळात तपासणी चुकू शकते. सौम्य त्रासात रात्री मनगटाला पट्टा बांधून आराम पडतो. अंगठ्याच्या बुडाचं मांस झिजू लागलं असेल तर मात्र थांबू नका. शस्त्रक्रियेला उशीर झाला तर गेलेली ताकद पुरती परत येत नाही. कातडीवर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी आधी करून घ्या. सरकारी दवाखान्यात त्यावर मोफत औषध मिळतं.