नाव एकाचे, चेहरा दुसऱ्याचा

१७ सप्टेंबर १८६२ रोजी मेरीलँडमधील शार्प्सबर्ग गावाजवळ, अँटिएटम ओढ्याच्या काठी, अमेरिकन यादवी युद्धातील सर्वाधिक रक्तरंजित दिवस उजाडला. त्या एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३ हजार सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. दक्षिणेचे सैन्य मागे हटल्यावर छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनर याने त्या रणभूमीवर जी चित्रे टिपली, त्यांपैकी एकाचा आम्ही येथे विचार करणार आहोत.

चित्रात मातीचा ताजा उंचवटा आहे आणि त्याच्या उशाशी नाव लिहिलेली लाकडी फळी. जवळच एक तरुण सैनिक उघड्यावर पडलेला आहे. शीर्षकात गार्डनरने या दोघांतील विरोध सांगितला आहे: उत्तरेचा सैनिक पुरलेला, दक्षिणेचा न पुरलेला, दोघेही जेथे पडले तेथेच.

हा विरोध कशामुळे निर्माण झाला? रणभूमी उत्तरेच्या ताब्यात राहिली आणि विजेत्यांनी आधी आपल्या माणसांना मूठमाती दिली. सैनिकांना सरकारी ओळखपट्टी मिळण्याचा तो काळ नव्हता. त्यामुळे मृताचे नाव टिकवायचे तर ते सोबत्यांनीच फळीवर लिहावे लागे. संशोधक विल्यम फ्रासानिटो यांनी १९७८ मधील आपल्या ग्रंथात या कबरीतील सैनिकाची ओळख पटवली, ती त्या फळीमुळेच: सातव्या मिशिगन पलटणीचा लेफ्टनंट जॉन क्लार्क. दुसऱ्याचे नाव लिहायला मात्र तेथे त्याचे कोणी उरले नव्हते.

शीर्षक आपल्याला इथवर आणते. चित्र त्यापुढे जाते. ज्याचे नाव कळते तो दिसत नाही आणि जो दिसतो त्याचे नाव कळत नाही. ऑक्टोबर १८६२ मध्ये न्यूयॉर्क येथील मॅथ्यू ब्रेडीच्या दालनात अँटिएटमच्या मृतांची छायाचित्रे मांडली गेली. वृत्तपत्रांत त्या काळी छायाचित्र थेट छापता येत नसे, कोरीव ठशांवरून काढलेली प्रतिकृतीच छापली जाई. त्यामुळे उत्तरेच्या नागरिकांना शत्रूचे मृत चेहरे असे जवळून न्याहाळण्याची संधी दालनातच मिळाली.

पुढे १८६७ मध्ये अँटिएटमच्या राष्ट्रीय दफनभूमीचे लोकार्पण झाले, तेव्हा तेथे केवळ उत्तरेच्या सैनिकांना जागा होती. फळी आणि उघडा देह यांतील भेद अशा रीतीने दगडात कायम झाला. त्या दोघांना एकत्र ठेवले ते गार्डनरच्या काचेने. म्हणूनच हे चित्र केवळ त्याच्या शीर्षकावरून वाचणे आम्हाला अपुरे वाटते.