साठ वर्षांची अट

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १९७२ साली, दिल्लीच्या प्रगती मैदानावर ‘हॉल ऑफ नेशन्स’ उभे राहिले. वास्तुविशारद राज रेवल आणि अभियंता महेंद्र राज यांनी काँक्रीटच्या त्रिमितीय जाळीतून हे बिनखांबी दालन साकारले. पोलाद दुर्मीळ होते. म्हणून कामगारांनी त्याचे सांधे जागेवरच ओतले.

पुढे ते पाडून नवे संकुल उभारण्याचे ठरले. वारसा यादीतील वास्तू पाडण्यापूर्वी राजधानीत वारसा संवर्धन समितीची अनुमती लागते. हे दालन मात्र यादीत नव्हते, आणि साठ वर्षे न झालेल्या वास्तूंचा विचार करता येत नाही, अशी भूमिका समितीने घेतली. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत ते जमीनदोस्त झाले. वय अवघे पंचेचाळीस.

परवानगीचा नियम नोंद असलेल्या वास्तूलाच वाचवतो, हा या घटनेचा धडा. आपल्या शाळेने यंदा साठी गाठली आहे. पण केवळ वयाने कोणतीही इमारत यादीत जात नाही. तिचे मूळ नकाशे, छायाचित्रे, देणगीदारांच्या वह्या आजच जपायला हव्यात. हे काम माजी विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे.