जालना चौदा बाइटांत मावत नाही

युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा १९७५ सालचा सोर्स कोड आज जसाच्या तसा उपलब्ध आहे. कर्नेलचा सारा पसारा सुमारे नऊ हजार ओळींचा, आणि त्यात कॉमेंट मोजक्याच. मार्ग वाचून फाइलीच्या आयनोडापर्यंत, म्हणजे तिची माहिती ठेवणाऱ्या नोंदीपर्यंत, पोचणाऱ्या ‘नेमआय’ या फंक्शनच्या डोक्यावर मात्र लेखकांनी बऱ्यापैकी मजकूर लिहिला आहे. फंक्शनला द्यायचा आकडा असा: नाव नुसते शोधायचे असेल तर ०, नवे करायचे असेल तर १, पुसायचे असेल तर २. शिवाय, हाती येणारा आयनोड लॉक केलेला असतो, अशी एक ओझरती सूचना. माझ्या मते त्या सगळ्या मजकुरात मोलाची ती एवढीच. ‘नेमआय’ला हाक मारणाऱ्याने लॉक सोडायचा आहे, हा दोन फंक्शनांमधला करार आहे आणि तो न सांगता समजत नाही.

त्याच फंक्शनमध्ये चौदापलीकडची अक्षरे गुपचूप गाळली जातात. डिरेक्टरीतली प्रत्येक नोंद १६ बाइटांची: दोन आयनोडच्या क्रमांकाला, उरलेले १४ नावाला. गाळण्याबद्दल कॉमेंटमध्ये अवाक्षर नाही.

या कोडावर सविस्तर टीका लिहिली ती सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी, १९७७च्या सुमारास, आपल्या विद्यार्थ्यांसाठी. पुढे सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात सोर्स शिकवायलाच बंदी घातली, आणि लायन्स यांचे पुस्तक वर्षानुवर्षे झेरॉक्सवर फिरत राहिले. अधिकृत छपाई झाली १९९६ मध्ये. आधी बंदी घातली नसती तर ते इतके वाचले गेले असते का, याची मला शंकाच आहे.

एमआयटीने २००६ मध्ये सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर एक्सव्ही६ हे शिकवण्यापुरते कर्नेल नव्याने लिहिले. मुंबई आयआयटीत मैथिली वुटुकुरु ऑपरेटिंग सिस्टीम शिकवतात त्या याच कोडाच्या आधारे. त्याची फाइल सिस्टीम सहाव्या आवृत्तीशेजारी ठेवून वाचली की करार बदललेला दिसतो. इथल्या ‘नेमआय’कडून येणारा आयनोड लॉक केलेला नसतो. लॉक करणे आणि संदर्भ धरून ठेवणे वेगळे का काढले, याचे कारण कॉमेंटमध्ये आहे: उघडी फाइल दीर्घकाळ धरता यावी, पण लॉक वाचण्यापुरताच लागावा, मार्ग शोधताना दोन प्रोसेसनी एकमेकांची वाट पाहत अडकून पडू नये. मार्गशोध ट्रान्झॅक्शनच्या आतच करावा, असेही बजावले आहे, कारण वाटेत आयनोड सोडावा लागतो आणि तो सोडताना डिस्कवर लिहिण्याची वेळ येऊ शकते. अशी कॉमेंट लिहिणाऱ्याने आधी ठेच खाल्लेली असते.

मार्गाचे तुकडे पाडणाऱ्या फंक्शनवर तर चार प्रकारची उदाहरणेही दिली आहेत. सगळी ए, बी, सी अशा एकदोन अक्षरांची. नावाची मर्यादा इथेही चौदाच, आणि जादा बाइट इथेही मुकाट गाळले जातात.

आता फाइलीचे नाव ‘जालना’ असे लिहून पाहा. ज, काना, ल, न, काना: युनिकोडची पाच चिन्हे, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे १५. शेवटच्या कान्याचा एक बाइट कापला जातो. फाइल तयार होते, सापडतेही, कारण शोधतानाही तेवढाच तुकडा पाहिला जातो. यादीत मात्र शेवटी भलतेच चिन्ह उमटते. त्यापुढे ‘जालना२०२४’ नावाची दुसरी फाइल करायला जावे, तर पहिलीच उघडते. इंग्रजीत जालना पाच अक्षरांचे, म्हणून तिथे हे कोणाच्या लक्षात येण्याचे कारणच नव्हते. जालना जिल्ह्यातल्याच घनसावंगीचे तर २४ बाइट होतात!

सुरुवातीच्या लिनक्समध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी हाच प्रश्न उघडपणे नोंदवला होता. लांब नावे छाटायची की नाकारायची, हे एका ओळीवर ठरेल, अशी कॉमेंट तिथे आहे. एक्सव्ही६मध्ये ती हवी होती.

एक्सव्ही६ खुले आहे. जालन्यातल्या एखाद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रतीत एवढी कॉमेंट जरूर लिहावी: नाव चौदा बाइटांपेक्षा मोठे असल्यास इशारा न देता छाटले जाते, देवनागरीत ही मर्यादा पाच चिन्हांच्या आतच संपते.