भुताचे सोंग: लॉस एंजेलिसची व्हॅम्पायरा आणि गोदाकाठचे भारूड

१/
१९५४ सालचे लॉस एंजेलिस. शनिवारची रात्र बरीच उलटून गेली आहे. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर धुक्याने भरलेली एक लांब वाट दिसते. काळ्या घट्ट वस्त्रातील, मेणासारख्या फिकट चेहऱ्याची एक स्त्री त्या वाटेने संथपणे पुढे येते, कॅमेऱ्यासमोर थांबते आणि जिवाच्या आकांताने किंचाळते. किंचाळी ओसरताच तिच्या चेहऱ्यावर कमालीचे समाधान पसरते. प्रेक्षक आधी दचकतात आणि लगेच हसू लागतात.

२/
तिचे नाव व्हॅम्पायरा. हे सोंग वठवणारी अभिनेत्री मायला नुर्मी. केएबीसी वाहिनीवर जुने, बहुतेक सुमार दर्जाचे भयपट दाखवले जात आणि त्यांच्या आधी, मध्ये व शेवटी ती थट्टेखोर निवेदन करी. भीती आणि प्रेक्षक यांच्या मध्ये उभा राहणारा हा विनोदी सूत्रधार कोठून आला, मराठी दूरचित्रवाणीवर तो का दिसला नाही आणि बीड जिल्ह्याच्या वेशीवर त्याच्यासारखेच सोंग चार शतकांपूर्वी कसे उभे राहिले होते, याचा हा थ्रेड.

३/
या सूत्रधाराचा जन्म व्यापारी गरजेतून झाला. १९५७ मध्ये ‘स्क्रीन जेम्स’ या कंपनीने युनिव्हर्सल स्टुडिओचे ५२ जुने चित्रपट ‘शॉक’ या नावाने एकगठ्ठा अमेरिकेतील स्थानिक वाहिन्यांना विकायला काढले. ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइन त्यातलेच. वाहिन्यांकडे रात्रीची रिकामी वेळ होती, चित्रपट स्वस्त होते. पण जुना चित्रपट पाहण्यासाठी लोकांना जागे कसे ठेवायचे? वाहिन्यांनी आपल्याच एखाद्या नटाला किंवा निवेदकाला भुताचा वेश चढवला.

४/
फिलाडेल्फियात जॉन झॅकरले ‘रोलंड’ झाला. चित्रपट चालू असतानाच मध्येच स्वतःचे दृश्य घुसवून तो गंभीर प्रसंगाची फजिती करी. क्लीव्हलंडमध्ये १९६३ पासून अर्नी अँडरसनचा ‘गूलार्डी’ खोट्या दाढीमिशीत येऊन चित्रपटाचीच टर उडवी आणि कॅमेऱ्यासमोर फटाके लावून खेळणी उडवून देई. १९८१ मध्ये कॅसँड्रा पीटरसनची ‘एल्व्हायरा’ आली आणि देशभर गाजली.

५/
या साऱ्यांची युक्ती एकच होती. चित्रपटातले भूत प्रेक्षकाला घाबरवते. सूत्रधारही भुताच्याच वेशात असतो, पण तो प्रेक्षकाच्या बाजूने बोलतो. ‘हा रबरी वटवाघूळ पाहिलात का?’ अशा सुराचे त्याचे एक वाक्य पुरे होते आणि पडद्यावरचा राक्षस कापड व रंग यांचा होऊन जातो.

६/
मराठीत असा सूत्रधार का घडला नाही? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सरकारी वाहिनी ती एकच. शेजारच्या वाहिनीशी स्पर्धा नव्हती, मध्यरात्रीची रिकामी वेळ भरण्याची निकड नव्हती आणि भयपटांचे स्वस्त गठ्ठेही नव्हते. १९९३ मध्ये झी टीव्हीवर रामसे बंधूंचा ‘झी हॉरर शो’ आला, तोवर भयकथा मालिकेच्या रूपात थेट सांगण्याची पद्धत रुळू लागली होती. मधल्या विदूषकासाठी जागाच उरली नाही.

७/
दूरचित्रवाणीवर जागा नसली, तरी ही भूमिका मराठी माणसाला अनोळखी नव्हती. गोदावरी ही बीड जिल्ह्याची उत्तर सीमा. त्याच नदीच्या काठी पैठणला संत एकनाथ (१५३३–१५९९) यांनी सुमारे ३०० भारुडे रचली. वासुदेव, जोशी, गोंधळी, महारीण, वेडी, आंधळा, बहिरा अशी अनेक सोंगे त्यांत आहेत. त्या गर्दीत भूतही आहे.

८/
भारूड उभे राहते ते सोंगामुळे. मुख्य कलावंत अंगावर फाटके लुगडे किंवा घोंगडी घेतो, तोंडाला रंग फासतो आणि टाळ-मृदंगाच्या साथीत सभेत शिरतो. साथीदार त्याला खोडसाळ प्रश्न विचारतात, तो तिरकी उत्तरे देतो आणि आजच्या गावच्या गोष्टीही त्यात ओवतो. लोक पोट धरून हसत असतानाच शेवटच्या चरणात सोंग उलटते आणि आतला अर्थ समोर येतो.

९/
नाथांच्या भुताच्या भारुडात एक स्त्री तक्रार करते की फार मोठ्या भुताने झडपले आहे. देवऋषी बोलावला, तर भुताने त्याचीच शेंडी धरली. लिंबू, नारळ, कोंबडा असे सगळे उतारे झाले, तरी भूत हटेना. पुढे कळते की हेच भूत नारदाला लागले होते आणि रानात उभ्या राहिलेल्या ध्रुवबाळालाही. शेवटी उलगडा होतो की हे भूत सर्वांच्या ठायी सदैव वसलेले आहे. ज्याला घाबरायचे, तो देवच निघतो.

१०/
या विनोदात सर्वांत मोठी फजिती देवऋषाची होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. गावात भूत आणि माणूस यांच्यामध्ये दोघे उभे राहत. देवऋषी भीती वाढवून उतारा विके. सोंगाड्या भीती अंगावर चढवून तिची फुकट थट्टा करी. सोळाव्या शतकात, भर सभेत, लोकांच्या बोलीत देवऋषाला हसणे ही साधी करमणूक नव्हती.

११/
हा वारसा बीडमधून दरवर्षी चालत जातो. आषाढीसाठी पैठणहून निघणारी नाथांची पालखी पंढरपूरच्या वाटेवर जिल्ह्यातील रायमोहा आणि पाटोदा या गावांतून जाते. एके काळी फड आणि सप्ताह हेच या भागाचे रंगमंच होते. वीज नव्हती, पडदा नव्हता, कंदिलाच्या उजेडात भूत नाचे.

१२/
नाथांचेच आणखी एक भारूड विंचवाचे. त्यात दंश होतो काम-क्रोधाचा आणि उतारा असतो सत्त्वगुणाचा. १९९३ मध्ये महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ या चित्रपटात मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरलेला गुन्हेगार आला, त्याचे नाव तात्या विंचू. दिलीप प्रभावळकरांचा अभिनय, रामदास पाध्ये यांची बाहुली. ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटावरून सुचलेले हे भूत मराठी मुलांनी भीत-भीत पाहिले आणि शाळेच्या मैदानात त्याची नक्कल केली.

१३/
भुताची भीती मात्र पडद्यापुरती राहत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतील पहिलीच बाब भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे यांविषयी आहे. नाथांनी ज्याची टर उडवली, त्याचा बंदोबस्त करण्यासाठी चार शतकांनंतर कायदा करावा लागला.

१४/
सोंगामागच्या माणसाचे काय झाले? व्हॅम्पायराचा कार्यक्रम १९५५ मध्येच बंद पडला. त्याचे चित्रीकरण जवळजवळ उरलेले नाही. एल्व्हायराने आपले सोंग चोरले, असा दावा नुर्मीने पुढे न्यायालयात केला आणि ती हरली. २००८ मध्ये तिचे निधन झाले. शिकागोत मात्र वेगळे घडले. १९७० मध्ये जेरी बिशप यांनी उभा केलेला ‘स्वेन्गूली’ १९७९ मध्ये रिच कोझ यांच्याकडे त्यांच्या संमतीने आला. आधी ‘स्वेन्गूलीचा मुलगा’ म्हणवणारे कोझ पुढे स्वतःच स्वेन्गूली झाले.

१५/
भारुडात असा वाद उद्भवत नाही. तेथे सोंग एका कलावंताचे नसते. ज्याला पाठ आहे, ज्याला लोकांना हसवता येते, तो घोंगडी उचलतो. नाथांचे भूत छापील गाथेत शाबूत आहे. पण देवऋषाची शेंडी धरून सभेला हसवायला अंगात घोंगडी घातलेला माणूस लागतो, आणि तो गावात उरला तरच ते भूत पुन्हा उभे राहील.

(समाप्त)