दाराची फळी

1968 सालचा मे महिना. आजच्या नवी मुंबईतल्या बोनकोड्यात तुम्ही उभे आहात आणि आधी दिशाच चुकते. स्टेशन नाही, सेक्टर नाहीत, सिडकोही दोन वर्षांनी यायची आहे. भाताची सुकलेली खाचरं, बांध, पलीकडे खाडीचा चिखल. त्यात कंबरेत वाकून कुणीतरी निवट्या धरतोय. तेवढ्यात आंब्याची फांदी कडाडते आणि फांदीबरोबर माणूसही खाली येतो.

"पाय कय हालत नाय रं," तो म्हणतो, अगदी शांतपणे. चौघं धावतात. दोघं काखेत हात घालतात, दोघं पाय धरतात, आणि मधे तो झोळीसारखा वाकतो. ओरडेपर्यंत उशीर होतो. पडताना मज्जारज्जूचे जे धागे वाचले असतील, त्यातले काही या उचलण्यात गेले असणार. बैलगाडी ठाण्याच्या वाटेला लागते. वाशीचा खाडीपूल अजून व्हायचाय.

पुढच्या काळात औषध नक्की असेल, असं म्हणून तुम्ही निघता. पण आधी मागे जाता, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या माद्रिदला. सान्तियागो रामोन इ काहाल सूक्ष्मदर्शकाशी बसलाय. काचेवर तुटलेल्या मज्जातंतूला कोंब फुटलेत, थोडे वाढलेत आणि थबकलेत. धागा मेलेला नाही, वाट अडलीय. कुणी अडवली?

झुरिकमध्ये 1990 साली लिसा श्नेल आणि मार्टिन श्वाब उंदरांवर तेच तपासतायत. तंतूंच्या आवरणातलं एक प्रथिन वाढीला आडवं येतं. त्याला गप्प करणारं दुसरं प्रथिन, म्हणजे प्रतिपिंड, दिलं की काही तंतू जखमेपलीकडे वाढतात. आडव्या येणाऱ्या प्रथिनाचं नाव पुढे 'नोगो' पडलं. गल्लीच्या तोंडाशी 'प्रवेश बंद'ची पाटी लावावी तसं. तुम्ही आशेनं 2024 गाठता. माणसांवरच्या चाचणीत मुख्य कसोटीवर फरक दिसलेला नाही. मज्जारज्जू पूर्ण न तुटलेल्यांमध्ये थोडी आशा आहे. थोडीच.

जरा जास्त वेळ थांबायचं ते 2016 सालच्या ड्यूक विद्यापीठात. टाकीत झेब्रामासा आहे, बोटाच्या पेराएवढा, अंगावर निळे पट्टे. आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला. 1822 साली फ्रान्सिस हॅमिल्टननं त्याची नोंद केली. टाकीतल्या माशाची मज्जारज्जू पूर्ण कापलीय, शेपटीकडचा भाग नुसता ओढला जातोय. आठ आठवडे जातात आणि तोच मासा प्रवाहाविरुद्ध पोहतो. मायसा मोकल्लेद आणि केनेथ पॉस यांनी शोधलं की जखमेतल्या ग्लिया नावाच्या आधारपेशी दोन्ही टोकांमध्ये पूल बांधतात, आणि त्यासाठी सीटीजीएफए नावाचं प्रथिन लागतं. या प्रथिनाचं माणसातलं रूप जखमेवर दिलं तरी माशाचं काम भागतं! मग आपलं का भागत नाही? आपल्या जखमेत व्रण माजतो, दाहही मोठा असतो. एकटं प्रथिन तिथे पुरत नाही.

पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत चिन्मय पात्रा यांच्या गटाकडेही हाच मासा आणि हेच प्रथिन आहे, फक्त नाव नवं: सीसीएन2ए. प्रश्न वेगळा, दोन मणक्यांमधल्या झिजलेल्या चकतीचा. म्हाताऱ्या माशांच्या चकत्या या प्रथिनानं पुन्हा भरून येतात, हे त्यांनी 2023 च्या सुमारास दाखवलं. मज्जारज्जूचं औषध हे नव्हे, पण पाठीच्याच कण्यातलं, आणि बोनकोड्यापासून काही तासांवरचं.

औषधाची कुपी मात्र मिळत नाही. रिकाम्या हातांनी तुम्ही परत 1968 मध्ये येता, या वेळी जरा लवकर. फांदी अजून कडाडायचीय. झाडाखालून त्याला हाक मारता, "उतर खाली!" तो हसून आणखी वर चढतो.

म्हणून तुम्ही जवळच्या घराकडे पळता आणि दाराची फळी बिजागरीतून सोडवायला लागता. आजी पडवीतून ओरडते, "दार कशाला कारतंस रं मेल्या?"

मागे फांदी कडाडते.

"उचलू नका!" तुम्ही ओरडता. "मान धरा, कंबर वाकू देऊ नका. फळी येतेय!"