शिवराळ कोण ठरवतो? : दलित साहित्याच्या भाषांतराचा एक इतिहास

दलित साहित्याची भाषा शिवराळ आहे, हा आरोप जुना. प्रस्थापित समीक्षेने तो पुष्कळ वेळा करून झाला. आता तोच आरोप इंग्रजीच्या वर्गातून कौतुकाचे रूप घेऊन परत आला आहे. तिथे आपल्या भाषेला ‘स्लँग’ म्हणतात आणि ती भाषांतराला कशी अवघड, यावर चर्चासत्रे घेतात. अवघड आहे हे खरेच. पण अडचण नेमकी कुठे आहे?

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. त्याच वर्षी तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर येऊन गदारोळ उडाला होता. म्हणजे हा लेखक सोवळ्या मराठीचा पुजारी नव्हे. मुंबईत पत्रकारी केलेला माणूस. तरी या कवितेतल्या कितीतरी शब्दांचे अर्थ त्यांना खुद्द कवीकडून समजून घ्यावे लागले. दिलीप चित्रे यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादांचे पुस्तक २००७ साली निघाले. माझे म्हणणे असे की ‘गोलपिठा’चे पहिले भाषांतर त्याच्या कितीतरी आधी, या प्रस्तावनेतच सुरू झाले होते, आणि ते मराठीतून मराठीत होते. एका शहरात, एका भाषेत राहणाऱ्या दोन माणसांमध्ये दुभाष्या लागतो, तेव्हा मधली भिंत शब्दकोशाची नसते.

हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. पॅरिसभोवतीच्या वसाहतींत उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कामगारांची मुले वाढली. त्यांच्या फ्रेंचमध्ये अरबी शब्द आहेत, आणि अक्षरे उलटी फिरवण्याची एक बोली आहे. आपल्याकडे पोरी ‘च’ची भाषा बोलतात तशी. मेहदी शारेफ यांच्या १९८३ च्या कादंबरीचे नावच ‘आर्किमिडीजचा सिद्धांत’ या शब्दांच्या अपभ्रंशातून आले : ऐकणाऱ्या पोराच्या कानी तो ‘अर्ची अहमदच्या जनानखान्यातला चहा’ होतो. फैझा गेन यांच्या २००४ च्या कादंबरीच्या नावातला ‘किफ’ तर आपल्या ‘कैफ’चाच भाऊबंद. हे इटालियनमध्ये न्यायचे कसे? इटलीत बोली भरपूर, पण प्रत्येक बोलीला तिचा गाव चिकटलेला. रोमची बोली वापरली की पॅरिसचा पोरगा रोमचा होतो, नेपल्सची वापरली की नेपल्सचा. प्रमाण इटालियन वापरली तर तो शाळामास्तरासारखा बोलू लागतो. शब्द मिळतो, पण त्या शब्दाची समाजातली जागा मिळत नाही.

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण दया पवारांचे. अकोले तालुक्यातील धामणगावचा हा लेखक. ‘बलुतं’ (१९७८) मध्ये दोन भाषा आहेत : गावच्या महारवाड्याची, आणि मुंबईच्या कावाखान्याची, जिथे कामाठीपुऱ्याचा शेजार आहे. पहिलीत गावकीचे शब्द, दुसरीत हिंदुस्थानीची सरमिसळ. (आमच्या भिंगारच्या कॅम्पातही लष्कराच्या संगतीने अशीच सरमिसळ होते, तिला मात्र कोणी साहित्यिक समस्या म्हणत नाही.) परभाषेत या दोन्हींचा एकच ‘ग्रामीण’ लगदा होण्याचा धोका असतो.

‘चानी’ हा शब्द घ्या. मेलेल्या जनावराच्या मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या. भाषांतरात ‘वाळवलेले मांस’ लिहिले तर चूक काहीच नाही. पण इटलीत वाळवलेले गोमांस म्हणजे चैनीचा पदार्थ! आणि दुसरे असे की १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, त्यानंतर घराघरांतून ही वस्तू गेली आणि तिच्यामागून शब्दही गेला. आज आपल्या पोरांना तो ठाऊक नाही, याचा अभिमान वाटावा असा तो शब्द आहे. ‘वाळवलेले मांस’ या शब्दांत ना भूक येते, ना त्यागाचा निर्धार. हा शब्द स्लँग कसा?

माझ्या वर्गातील भिंगारच्या एका विद्यार्थ्याने दलित आत्मकथनाचे इंग्रजी भाषांतर वाचून उत्तरपत्रिकेत लिहिले की लेखकाने खालच्या दर्जाची भाषा मुद्दाम वापरली आहे. मी विचारले, घरी आजी कशी बोलते? तो म्हणाला, अशीच, सर. मूळ मराठी पुस्तक त्याने पाहिलेले नव्हते. अभ्यासक्रमात इंग्रजीच होते. नातवाला आजीची भाषा परक्याच्या शेऱ्यासकट परत मिळाली.

भाषांतरांची नुसती नावे पाहिली तरी हा इतिहास दिसतो. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) इंग्रजीत २००३ साली ‘द आउटकास्ट’ झाले; मूळ शब्द खाली लहान ओळीत गेला. तोळा बारा माशांचा. अकरा माशांचा तो खोटा, कमअस्सल. माणसाची पैदास सोनाराच्या तराजूत जोखणारी ही शिवी जातिबहिष्कृतापेक्षा वेगळीच आहे. लक्ष्मण गायकवाड यांचा ‘उचल्या’ १९९८ मध्ये ‘द ब्रँडेड’ झाला. डाग दिसला, पण ते नाव चिकटवणारा समाज आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे पोलीस दप्तर दिसेनासे झाले. ‘बलुतं’चा फ्रेंच अनुवाद पुण्यात स्थायिक झालेल्या गी प्वात्व्हँ यांनी केला. पुस्तक १९९० मध्ये पॅरिसला निघाले, त्याचे नाव ‘माझे अस्पृश्याचे जीवन’ अशा अर्थाचे. गावचे काम, त्याबदल्यात मिळणारा धान्याचा वाटा, तो हक्क आणि तो मागताना होणारी मानहानी हे सारे ज्या एका शब्दात होते, तोच मुखपृष्ठावरून गेला. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली; पण ती काय होती हे परक्या वाचकाला सांगायला निदान शब्द तरी हवा. जेरी पिंटो यांनी २०१५ मध्ये इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा मुखपृष्ठावर ‘बलुतं’ हाच शब्द रोमन अक्षरांत राहिला.